धक्का लागला असता

गुरुवार, २ जानेवारी

आज साप्ताहिक सुट्टी. वर्षाचा पहिला दिवस काल कंपनीत गेला, तो मी धरत नाही. माझं नवीन वर्ष आजपासून.

मोठी बातमी. औद्योगिक क्रीडा मंडळाच्या बास्केटबॉल स्पर्धेत रेफरी म्हणून माझी नेमणूक झाली. आपल्या चाकण-भोसरीच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून सामनेही गुरुवारीच. मैदान कुरुळीच्या आबाजींचं. अर्धी जमीन त्यांनी गोडाऊनवाल्यांना दिली आणि उरलेल्या तुकड्यावर दोन कोर्टं बांधली, त्यामुळे ते मंडळाचे अध्यक्ष. मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, रेफरी कोण होतंय? सगळे खाली बघायला लागले. मग विचारलं, शिट्टी तरी कुणाकडं हाय का? माझ्याकडे होती. महाळुंग्याच्या कंपनीत, पत्रे दाबायच्या मशीनवाल्या प्रेस शॉपमध्ये मी सेफ्टी को-ऑर्डिनेटर आहे, शिट्टी कायम गळ्यात असते. निवड एकमताने झाली.

बास्केटबॉल मी कॉलेजात खेळलेलो आहे. म्हणजे धाराशिवला आमच्या कॉलेजात कोर्ट होतं आणि मी त्याच कॉलेजात होतो. एक पूर्ण सामनाही खेळलो. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

संकल्प केले. रोज पहाटे पळायचं. रूलबुक पाठ करायचं. वडापाव बंद. १३ फेब्रुवारीच्या फायनलला शिट्टी माझी. त्यानंतर रेफरींचं जिल्हा पॅनेल.

माझी मुलगी निशिगंधाही खेळणार आहे, कामगार पाल्य मुलींच्या गटात, आमच्या महाळुंग्याच्या संघाकडून. अकरावीत आहे. उंची आईकडून आली. जिल्ह्याच्या संघाची निवड करणारे लोक ही स्पर्धा बघायला येणार आहेत आणि त्या संघासाठी पोरगी चार वर्षं उन्हातान्हात उड्या मारते आहे. म्हणजे एकाच घरातून दोघं जिल्ह्याला. तिच्या आईला, दीपमालाला, तसं म्हणालो, तर ती म्हणाली, एक जण गेला तरी पुरे, आणि तो कोण ते तुम्हाला सांगायला नको.

शुक्रवार, ३ जानेवारी. सकाळी ६.१०

पळायला निघालो. रहाटणी चौकात कुत्री होती. धोका ओळखून वेळीच थांबलो. सेफ्टीवाल्याला हेच तर शिकवलेलं असतं.

६.२५. चहा. एक वडापाव. संकल्प सोमवारपासून, असं वाचावं.

रविवार, ५ जानेवारी

रूलबुक इंग्रजीत आहे. रिंगची उंची आणि रेषांची जाडी इथपर्यंत वाचून झालं. पुढचं अनुभवाने येतं.

तसाही मुख्य फाऊल मला पक्का ठाऊक आहे. ओव्हर द बॅक. नेम चुकला की चेंडू रिंगला आपटून परत येतो, त्याला रिबाउंड म्हणतात. तो घेताना पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीवरून मागच्याने हात घातला की फाऊल. यात समजण्यासारखं काय आहे? प्रेक्षकांतल्या पोराटोरांनाही माहीत असतं, तेच आधी ओरडतात.

आणि या फाऊलसाठी माझ्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही. कंपनीत निअर-मिसचं बक्षीस मी सोडून दुसऱ्याला मिळत नाही. निअर-मिस म्हणजे जो अपघात झाला नाही, पण झाला असता. फोर्कलिफ्ट वळली, माणूस लांब होता, काही झालं नाही. पण झालं असतं! लगेच शिट्टी, लाइन बंद, रिपोर्ट. अपघात झाल्यावर शिट्टी कुणीही वाजवेल. आधी वाजवतो तो खरा. बक्षीस म्हणून दर वेळी कॅसरोल मिळतो. दीपमाला म्हणते, घरात पोळ्या कमी आणि कॅसरोल जास्त झालेत.

घरात सराव केला. दूध उतू जायच्या आधी शिट्टी. चप्पल दारात आडवी पडायच्या आधी शिट्टी. दीपमालाच्या हातातून झारा पडला. शेजारचे यशवंतराव गॅस गळतोय का बघायला आले. निशिगंधाने मात्र पुस्तकातून मान वर काढली नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाली, पप्पा, मी पाळण्यात होते तेव्हापासून ही शिट्टी ऐकते आहे. तिचे कान तपासून घ्यायला हवेत.

गुरुवार, ९ जानेवारी

आज रेफरींचं शिबिर झालं. शिकवायला जिल्हा पॅनेलच्या प्राजक्ता मॅडम. वयाने लहान, आवाज मोठा. त्यांनी विचारलं, ओव्हर द बॅक हा फाऊल आहे असं किती जणांना वाटतं? सगळ्यांनी हात वर केले. मी दोन्ही केले.

मॅडम म्हणाल्या, असा फाऊल रूलबुकात कुठेच नाही.

मला आधी गंमत वाटली. मग त्यांनी मला पुढे उभं केलं आणि माझ्यामागे रणजीतला. रणजीत हा आबाजींचा पुतण्या, कुरुळीच्या संघाचा आधार, विजेच्या खांबाएवढा. मॅडमनी चेंडू बोर्डावर मारला. मी हात वर करून उभा. चेंडू माझ्या डोक्यावरून कधी गेला कळलं नाही. मॅडमनी विचारलं, सर, धक्का लागला? मी म्हणालो, नाही, पण लागला असता.

मॅडम म्हणाल्या, लागला असता याला फाऊल नसतो. लागला आणि त्याने पुढच्याची जागा हलली, तर फाऊल. मागून हात घातला, उंच उडी मारली, आधीच उंच जन्माला आला, यातलं काहीही फाऊल नाही. उलट पुढचा माणूस पार्श्वभाग मागे रेटत मागच्याला ढकलत गेला, तर फाऊल त्याचा. यावर मी मोठ्याने हसलो. एकटाच हसलो.

मॅडमची चूक नाही. त्या कधी प्रेस शॉपमध्ये उभ्या राहिलेल्या नाहीत. लागेपर्यंत थांबायचं म्हणे! आमच्याकडे लागेपर्यंत थांबलं तर बोटं मोजावी लागतात.

शेवटी लेखी परीक्षा झाली. रिबाउंडवरच्या प्रश्नांपुढे मी 'प्रश्नात त्रुटी' असं लिहिलं. मॅडम म्हणाल्या, मैदानावर बघू. म्हणजे मी पास.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ पुष्कळ झाला, त्यामुळे उद्या पळणं शक्य नाही.

ओव्हर द बॅकसाठी मी स्वतःची खूण तयार केली. उजवा हात मानेवरून मागे घ्यायचा आणि पाठीवर दोनदा घासायचा. लांबून स्पष्ट दिसते. आरशासमोर दहा-पंधरा मिनिटं केली. दीपमालाने न विचारता पावडरचा डबा आणून दिला.

गुरुवार, १६ जानेवारी

पहिला सामना. ऐतिहासिक.

कुरुळी विरुद्ध भोसरीची एक कंपनी. रणजीतने पहिला रिबाउंड घ्यायला गुडघे वाकवले आणि मी शिट्टी वाजवली. त्याने अजून उडी मारली नव्हती. पण मारली असती. तो माझ्याकडे बघत राहिला. मी शांतपणे पाठीवरची खूण केली. प्रेक्षकांतून आवाज आला, 'बरोबर! ओव्हर द बॅक!' जनता सोबत आहे.

पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर जातो. रणजीत मध्यंतराच्या आधीच बाहेर गेला. कुरुळीवाले कसेबसे जिंकले, पण तो मुद्दा नाही.

सामन्यानंतर आबाजी आले. म्हणाले, साहेब, पोरगं लांब हाय हा काय त्याचा गुन्हा व्हय? त्यानं काय गुडघ्यावर बसून खेळायचं का? मी त्यांना निअर-मिस समजावून सांगितलं. जे झालं नाही पण झालं असतं, ते आधीच रोखायचं. आबाजींनी टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाले, आमच्यात न झालेल्या भांडणाचा पंचनामा न्हाई करत कुनी.

खेळाची तांत्रिक बाजू त्यांना कळत नाही. जमीन त्यांची आहे, म्हणून ऐकून घेतलं.

कॉलेजातला तो सामना इथे लिहायला हरकत नाही. रिबाउंडला मी पुढे उभा होतो, जागा माझी, हात वर. मागच्याने माझ्या डोक्यावरून चेंडू असा उचलून नेला, जसा कुणी कपाटावरची पिशवी काढतं. मुली हसल्या. रेफरीने काहीच दिलं नाही. मी अजून तसाच हात वर करून उभा होतो. आज इतक्या वर्षांनी त्या जागेला न्याय मिळाला.

शुक्रवार, १७ जानेवारी

कंपनीत नाव झालं आहे. कँटीनमध्ये शिरलो तर चार टेबलांवरच्या लोकांनी पाठ खाजवून मला सलाम केला. पेंट शॉपचे पण. गेटवरच्या सिक्युरिटीनेसुद्धा केलं, तेही हसतमुखाने. खूण लोकांत इतकी लवकर रुजली, याचं समाधान आहे.

सोमवार, २० जानेवारी

बसमध्ये दोन अनोळखी पोरांनी पाठ खाजवली. एकाने विचारलं, काका, मलम लावलं का? प्रसिद्धीबरोबर असे लोक येतातच.

मंगळवार, २१ जानेवारी

प्राजक्ता मॅडमचा फोन. म्हणाल्या, तक्रारी आल्यात, पण माणसं कमी आहेत, परवा मुलांच्या एका सामन्याला उभे राहा. अट एकच. धक्का डोळ्यांनी दिसला तरच शिट्टी. मी शब्द दिला.

शब्द पाळणार. फक्त धक्का कशाला म्हणायचं हा अनुभवाचा प्रश्न आहे, तो मॅडमनी माझ्यावर सोडला असं मी समजतो.

गुरुवार, २३ जानेवारी

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा.

मुलांचा सामना रद्द झाला आणि मुलींचा सुरू होईना. महाळुंगे विरुद्ध चिखलीचा संघ. त्या सामन्याचे रेफरी चाकणच्या तळेगाव चौकात अडकले होते. तासाभरापूर्वी फोन केला तेव्हा समोर एक कंटेनर होता म्हणाले, आत्ता केला तेव्हाही तोच कंटेनर होता. निवड समितीचे दोघे पुण्याहून येऊन घड्याळाकडे बघत बसलेले. मॅडम दुसऱ्या कोर्टवर. मी पुढे झालो.

निशिगंधा माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, पप्पा, तुम्ही नका ना. मी म्हणालो, काळजी करू नकोस, मी तुला ओळखतही नाही असं समज. इतका निःपक्षपाती बाप तिने पाहिला नसेल.

पहिला फाऊल तिने लगेच केला. म्हणजे तिच्यापुढे एक बुटकी मुलगी होती आणि हिने हात वर केले. हात त्या मुलीच्या डोक्याच्याही वर. शिट्टी. पाठीवरची खूण. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा ती माझ्याकडे न बघताच हात वर करून फाऊल कबूल करत मागे गेली. चौथ्यांदा तर तिच्यापुढची मुलगीच म्हणाली, सर, मला लागलंच नाही. मी तिला सांगितलं, बाळा, लागलं असतं.

पाचव्या शिट्टीला निशिगंधा बाहेर. बाकावर बसून टॉवेल डोक्यावर घेतला. निवड समितीचे दोघे उठून चहाला गेले. महाळुंगे जिंकलं, कारण मुली चिडून खेळल्या.

लोक काय बोलत होते ते ऐकू आलं नाही, पण सगळं स्टँड पाठ खाजवत होतं. स्वतःच्या मुलीला पाच फाऊल देणारा रेफरी या पट्ट्यात दुसरा नसेल. फायनलची शिट्टी आता नक्की.

शनिवार, २५ जानेवारी

निशिगंधा माझ्याशी बोलत नाही. मीठ हवं असेल तर आईला सांगते, आई मला सांगते, मी आईकडे देतो. मीठ माझ्यासमोरच असतं.

दीपमालाने सांगितलं की निवड समितीच्या वहीत पोरीच्या नावापुढे 'फाऊल फार' अशी नोंद झाली. फायनलला अजून एकदा बघणार, तेवढी एकच संधी आहे. मी म्हणालो, दबावाखाली खेळाडू घडतो. दीपमाला उठून आत गेली.

रविवार, २६ जानेवारी

ओट्यापाशी उभा राहून पाणी पीत होतो. दीपमाला मागून आली आणि माझ्या डोक्यावरून हात घालून फळीवरचा डाळीचा डबा काढला. ती माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे. हा विषय आम्ही लग्न ठरल्यापासून काढलेला नाही.

तिने विचारलं, लागला का?

मी म्हणालो, नाही, पण लागला असता.

तिने डबा तसाच परत फळीवर ठेवला आणि म्हणाली, मग आता तुम्हीच काढा. स्टूल गच्चीवर होतं. दुपारी वरणाशिवाय जेवलो.

गुरुवार, ३० जानेवारी

बढती!

मॅडमनी बोलावून सांगितलं की फायनलला मी रेफरी नाही. त्या स्वतः उभ्या राहणार. माझ्यासाठी खास पद काढलंय, मैदान सुरक्षा प्रमुख. प्रथमोपचार पेटी, वाळूच्या बादल्या, गर्दी, वायरी, सगळं माझ्या ताब्यात. रेफरी फक्त दहा खेळाडू सांभाळतो. मी अख्खं मैदान सांभाळणार. मॅडम म्हणाल्या, सर, तुम्ही जिथे सगळ्यात चांगले आहात तिथेच तुम्हाला ठेवलंय. आणि खुर्ची कोर्टपासून जरा लांब ठेवा.

खूण मात्र गेली. नवे रेफरी जुन्याच खुणा करतात. समाज अजून तयार नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सेमीफायनल. महाळुंगे जिंकलं. मी वायरी तपासत होतो, सामना दिसला नाही. घरी येताना निशिगंधा स्कूटरवर मागे बसली. पिंपळे सौदागरच्या सिग्नलला म्हणाली, पप्पा. इतक्या दिवसांत पहिला शब्द. मला एकदम बरं वाटलं, किती ते लिहून कळणार नाही.

म्हणाली, फायनलला या तुम्ही. फक्त तुमची शिट्टी घरी ठेवून या. मी म्हणालो, ठेवतो. तिने विचारलं, नक्की? मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. मागून तिने एक हात माझ्या खांद्यावर ठेवला तो घर येईपर्यंत काढला नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

उद्या फायनल. शिट्टी गळ्यातून काढून कॅसरोलमध्ये ठेवली. दीपमालाला साक्षी ठेवून झाकण लावलं.

तरीही विचार केला. मैदानाला आग लागली तर? मांडव पडला तर? सुरक्षा प्रमुख नुसत्या तोंडाने ओरडणार का? कंपनीच्या कपाटात आपत्कालीन वापरासाठी नारिंगी शिट्टी असते. ती आणली. ही माझी नव्हे, कंपनीची. खिशात राहील, वाजणार नाही. शब्द शाबूत आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी. घरी आल्यावर

थोडक्यात लिहितो.

मुलींची फायनल आधी. महाळुंगे विरुद्ध कुरुळी. मी पेटीपाशी, खुर्ची सांगितल्यापेक्षा जरा पुढे. अंधार पडत आला तसे हॅलोजन लावले.

निशिगंधाला खेळताना मी आज पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी मी कोर्टवरच होतो, पण तेव्हा मी नुसत्या पाठी बघत होतो. आज पोरगी बघितली. चेंडू रिंगवरून कुठे पडणार हे तिला आधी कळतं. सगळ्या वर बघत असतात तेव्हा ती दोन पावलं सरकून तिथे पोहोचलेली असते. उडी मारली की वर जरा जास्तच थांबते. तिच्यापुढच्या मुलींना साधा स्पर्श होत नाही. रिबाउंडमागून रिबाउंड. मॅडमनी तिच्यावर एकही फाऊल दिला नाही. निवड समितीचे दोघे चहा विसरले होते. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला मी सांगितलं, ती माझी मुलगी. तो म्हणाला, ते माहीत आहे आम्हाला, आणि पाठ खाजवली.

शेवटी कुरुळी एका गुणाने पुढे. काही सेकंद उरलेले. महाळुंग्याच्या मुलीने चेंडू मारला, तो रिंगला लागून उडाला. निशिगंधापुढे कुरुळीची एक लहानखुरी मुलगी पाय रोवून, हात वर करून उभी. जागा तिची, अगदी पक्की. निशिगंधा मागून वर गेली.

तिचे हात त्या मुलीच्या डोक्यावरून गेले आणि दोघींच्या मध्ये उजेड होता. मागच्या हॅलोजनचा पिवळा उजेड, चांगला हातभर. मी तो स्वच्छ पाहिला. धक्का लागलेला नव्हता, लागणारही नव्हता. हे मला कळलं, आणि तेवढ्यात शिट्टी वाजली.

कोणी वाजवली म्हणून मीही इकडेतिकडे बघितलं. नारिंगी शिट्टी माझ्या तोंडात होती. उजवा हात मानेवरून पाठीकडे निघालेला होता.

कोर्टवरच्या नऊ मुली जागच्या जागी थांबल्या. मॅडमही वळल्या. एकटी निशिगंधा थांबली नाही. चेंडू धरून खाली आली, पुन्हा वर गेली, बोर्डाला लावून आत टाकला. माझ्या शिट्टीला ती पाळण्यापासून थांबलेली नाही.

मॅडमनी बास्केट धरली नाही. बाहेरच्या शिट्टीने बाकीच्या थांबल्या, मग एकटीची बास्केट कशी धरायची? बरोबरच आहे. बरं, शिट्टी वाजली तेव्हा चेंडू हवेत होता, कुणाच्याच ताब्यात नाही. अशा वेळी तो पाळीपाळीने देतात. पाळी कुरुळीची होती. मी नेहमीसारखी आधी वाजवली. क्षणभर उशीर केला असता तर चेंडू तिच्या हातात आलेला असता आणि संघाकडेच राहिला असता. कुरुळीच्या मुलीने चेंडू आत फेकला आणि वेळ संपली.

पळून जावंसं वाटत होतं, पण सुरक्षा प्रमुखाला मैदान सोडता येत नाही. तेवढ्यात माइकवर माझं नाव पुकारलं. आबाजींनी मला स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला. म्हणाले, या साहेबांनी आमच्या पोराला बाहेर काढलं तवा आमी लई बोललो यांना, मान्य हाय. पर आज यांच्यामुळं कुरुळीत कप आला. पोटच्या पोरीचं बी बघितलं न्हाई, असा मानूस मिळायचा न्हाई! रणजीतने जोरात टाळ्या वाजवल्या. दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांनी एकदम पाठ खाजवली. खाली महाळुंग्याच्या मुली सामान भरत होत्या. निशिगंधा बुटाची नाडी सोडत होती, तिने वर बघितलं नाही.

ती घरी आईबरोबर रिक्षाने आली. मी स्कूटरवर, पुढे नारळ.

ती खूण म्हणजे नेमकं काय, हे आज स्टेजवरून बघताना मला पहिल्यांदा कळलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

कंपनीत गेलो नाही. ताप आहे असं कळवलं. थर्मामीटरमध्ये नाही, पण येईल असं वाटतंय.

दुपारी प्राजक्ता मॅडमचा फोन आला. निशिगंधाची जिल्ह्याच्या संघात निवड झाली. समितीने 'फाऊल फार' ही नोंद खोडली. मॅडमनी त्यांना सांगितलं म्हणे की ते पाच फाऊल मुलीचे नव्हते. मग कुणाचे, ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. जिल्हा पॅनेलचं मात्र विचारून बघितलं. फोन कट झाला. चाकणकडे रेंजचा प्रॉब्लेम असतो.

आता शांतपणे विचार केला तर या निवडीत माझा वाटा मोठा आहे. शिट्टीकडे दुर्लक्ष करून खेळण्याची एकाग्रता पोरीत कुणी आणली? हे एकदा तिला समजावून सांगायचं ठरवलं. मुद्दे काढले. निअर-मिस, दबाव, एकाग्रता, शेवटी बापाचं योगदान.

संध्याकाळी ओट्यापाशी काकडी चिरत होतो, म्हणजे मुद्दे मनात घोळवत होतो. निशिगंधा मागून आली. फळीवर चिवड्याचा डबा होता. तिने माझ्या डोक्यावरून हात घातला, डबा उचलला, खाली आणला. माझ्या केसालाही हात लागला नाही.

मग माझ्या कानाजवळ म्हणाली, पप्पा, लागला?

मी म्हणालो, नाही.

पुढचं वाक्य तोंडात तयार होतं. ती थांबून राहिली. दीपमाला पण कढईतून वर बघत थांबली. मी काकडीकडे बघत राहिलो आणि ते वाक्य काही बाहेर आलं नाही.

निशिगंधाने डबा उघडला आणि मूठभर चिवडा माझ्यासमोर ताटलीत टाकला. तिची पुढची स्पर्धा मार्चमध्ये सांगलीला आहे. मी येऊ का, असं विचारलं. ती म्हणाली, या, पण सगळा वेळ दोन्ही हातांत काहीतरी खायला ठेवा.

एवढ्यात जोरात शिट्टी झाली. माझा हात आपोआप मानेकडे गेला. कुकर होता. दीपमाला म्हणाली, बसा हो, अजून दोन बाकी आहेत.